गडद निळ्या गाडीवर जाळीसारखे ओरखडे: पॉलिश करू की नुसतं वॅक्स?

गाडी_निळी

कोथरूड, पुणे. सहा वर्षांची स्विफ्ट, गडद निळा मेटॅलिक. रंग कंपनीचाच, फक्त डावं मागचं दार दोन वर्षांपूर्वी बाहेर रंगवून घेतलंय. गाडी उघड्यावर गुलमोहराखाली उभी असते. सोसायटीतले काका रोज सकाळी ओलं फडकं मारतात, रविवारी बोअरच्या पाण्याने धुतली जाते.

सावलीत गाडी बरी दिसते. उन्हात किंवा रात्री दिव्याखाली बॉनेटवर प्रकाशाभोवती गोल गोल जाळी दिसते. टपावर आणि डिकीवर पांढरट गोल डाग आहेत, शांपूने जात नाहीत. उजव्या दारावर हातभर लांब एक ओरखडा आहे, तो नखाला लागतो. हात फिरवला तर बॉनेट खरखरीत लागतं.

गॅरेजवाल्याने तीन भाव सांगितले: 'रबिंग-पॉलिश' १८००, 'टेफ्लॉन' ४५००, सिरॅमिक २२०००. त्यापेक्षा मशीन विकत घेऊन स्वतः करावं असा विचार आहे.

१. पॉलिश करावंच लागेल का, की चांगलं वॅक्स लावून भागेल?
२. हाताने होतं का, की मशीन हवंच?
३. जूनच्या आधी करायचंय. पावसात टिकेल असं काय लावू?

---

मायक्रॉन

आधी शब्दांचा घोळ सोडवू. दुकानात, गॅरेजात सगळ्यालाच 'पॉलिश' म्हणतात, पण ही दोन कामं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पॉलिश वरचा थर घासून काढतं. वॅक्स वर एक थर घालतं. ओरखडा म्हणजे चर. तो घालवायचा म्हणजे आजूबाजूची जमीन चराच्या तळापर्यंत खाली आणायची, दुसरा मार्ग नाही. वॅक्स त्या चरात बसतं, चार दिवस सपाट भासतं, आणि तीन-चार धुण्यांत जाळी होती तशी वर येते. सर्व्हिसिंगनंतर गाडी लखलखीत मिळते आणि महिन्याभरात मूळ पदावर येते, त्यामागे बहुधा हेच असतं.

आता घासायला आपल्याकडे किती माल आहे ते पाहा. पत्र्यावर खालून वर साधारण असे थर असतात: गंजरोधक इलेक्ट्रोकोट २० मायक्रॉनच्या आसपास, प्रायमर ३० ते ३५, निळा रंग ज्यात आहे तो बेसकोट १५ ते २०, आणि वर पारदर्शक क्लिअरकोट ३५ ते ५०. माणसाचा केस अंदाजे ७० मायक्रॉनचा. म्हणजे तुमची सगळी चमक केसापेक्षा पातळ थरात आहे, आणि जाळीही त्याच थरात आहे. बारीक पॉलिशचा एक हात त्यातला साधारण एक मायक्रॉन खातो, कंपाउंडचा, म्हणजे जास्त कापणाऱ्या जाडसर पॉलिशचा, हात दोन ते चार. 'दर सर्व्हिसिंगला रबिंग' हे म्हणून वाईट. क्लिअरकोट एकदा संपला की टपावर पांढरे पापुद्रे सुटतात, मग त्याला पॉलिशचा इलाज नाही, रंगच मारावा लागतो.

जाडी मोजायचा मीटर भाड्याने मिळाला तर घ्या, पण तो एकूण जाडी सांगतो, क्लिअरकोट किती उरलाय ते सांगत नाही. कंपनीच्या रंगावर १०० ते १४० दिसेल. रंगवलेल्या दारावर २०० च्या वर गेला तर घाबरू नका, ५०० च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे. बंपर प्लॅस्टिकचा, तिथे साधा मीटर काहीच दाखवणार नाही.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: जाळी खरोखर घालवायची असेल तर पॉलिश लागेल, एकदाच आणि हलकं. उजव्या दारावरचा नखाला लागणारा ओरखडा सोडून द्या. तो घालवायच्या नादात दाराचा क्लिअरकोट धोक्याइतका पातळ होतो. टच-अपच्या कुपीतला रंग टूथपिकच्या टोकाने चरात भरा, बस.

सिरॅमिक कोटिंगबद्दल थोडक्यात. त्याच्या आधीही हेच पॉलिश करावं लागतं, २२००० मधला मोठा भाग त्या मजुरीचाच असतो, आणि मजुरी चुकवली तर जाळी कोटिंगखाली गोठून बसते. त्याच्या जाहिरातीतलं '९एच' म्हणजे पेन्सिलीच्या कठीणपणाची चाचणी, हिऱ्या-माणकाची नाही. ओल्या फडक्यातली धूळ त्यावरही रेघा मारते.

---

पॅडघाशा

मायक्रॉन यांच्याशी सहमत. आता प्रत्यक्ष काम.

पॉलिशच्या आधीची स्वच्छता हे निम्मं काम आहे आणि लोक नेमकं तेच उरकतात. रंगावर राहिलेला एक खडा पॅडखाली आला की तुम्ही मशीन लावून ओरखडे काढताय. आधी नुसत्या पाण्याच्या जोराने धूळ खाली पाडा. मग दोन बादल्या, एकीत पीएच न्यूट्रल कार शांपू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग शांपूत बुडवायचा. वरून खाली या, उंबऱ्याची पट्टी आणि चाकांच्या कमानी सगळ्यात शेवटी.

खरखर लागतेय ती ब्रेकच्या लोखंडी धुळीची आणि डांबराची. आयर्न रिमूव्हर फवारा, लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ येतात. तीन-चार मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. वास कुजक्या अंड्यासारखा असतो, उघड्यावर करा. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने किंवा रॉकेलच्या बोळ्याने निघतात, मात्र रॉकेलचा तेलकटपणा मागे राहतो, त्यामुळे ती जागा पुन्हा शांपूने धुवा.

तरी खरखर उरली तर क्ले, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा. हाताला कळत नसेल तर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून फिरवा, एकेक कण जाणवतो. ५० ग्रॅमचा तुकडा गाडीला पुरतो. चपटा करा, पृष्ठभाग शांपूच्या पाण्याने सतत ओला ठेवा, दाब न देता सरळ रेघांत पुढे-मागे करा. आवाज थांबला आणि क्ले गुळगुळीत सरकायला लागला की ती जागा झाली. दर फुटा-दीड फुटाला घडी घालून नवी बाजू वर काढा. जमिनीवर पडला तर टाकून द्या, धुवून वापरू नका, वाळूचा कण त्यात रुतलेला असतो. क्लेनेही बारीक रेघा पडतात, म्हणून तो पॉलिशच्या आधीच करायचा.

मग कागदी मास्किंग टेप. काळं खरखरीत प्लॅस्टिक, रबर बीडिंग, बोधचिन्हं, आणि बॉनेट-दारांच्या धारदार कडा. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब तिथे एका रेषेत येतो. रंग फुटतो तो कडेवरच.

हाताने की मशीनने? हाताने होतं, पण अगदी वरवरच्या रेघांपुरतं. फोमच्या गोल अॅप्लिकेटरने फूटभर चौरसात दोन-दोन मिनिटं घासा, दंड भरून येतील आणि जाळी फिकी होईल, जाणार नाही. मशीन घ्यायचं तर डीए, म्हणजे ड्युअल अॅक्शन. ८ मिमी थ्रो (पॅड डगमगतं त्या वर्तुळाचा व्यास), ५ इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची तबकडी), साडेपाच इंची फोम पॅड. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय डगमगतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. गॅरेजात जे जड बफिंग मशीन दिसतं ते रोटरी. ते नुसतं गरगर फिरतं, लवकर कापतं, पण नवख्या हाती गडद रंगावर उन्हात सरकणाऱ्या इंद्रधनुषी पट्ट्या सोडतं आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर रंग जाळतं. पहिल्या गाडीला रोटरी नकोच.

रंग गार हवा. बॉनेटवर तळहात दहा सेकंद आरामात ठेवता आला पाहिजे. मे महिन्यात पुण्यात म्हणजे पहाटे सहा ते नऊ, किंवा तळघरातलं पार्किंग.

पॅड कोरं असेल तर पहिल्यांदा पॉलिश बोटाने पॅडच्या सगळ्या तोंडावर पातळ चोळून घ्या. त्यानंतर दर तुकड्याला मटाराच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब, जास्त नाही. तुकडा दीड फूट बाय दीड फूट. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेका, आधी वेगाच्या १ नंबरवर पसरवा, मग ४ ते ५ वर काम करा. हात सेकंदाला इंचभर, इतका संथ. आडव्या रेघा, मग उभ्या, दर रेघ आधीच्या रेघेवर निम्मी चढलेली. असे चार ते सहा फेरे. दाब म्हणजे मशीनचं वजन अधिक थोडासा हात. बॅकिंग प्लेटवर स्केच पेनने एक काळी रेघ मारून ठेवा: ती फिरताना दिसली पाहिजे. रेघ जागच्या जागी थरथरते आहे म्हणजे पॅड फिरायचं थांबलंय, तुम्ही जास्त दाबताय किंवा मशीन तिरपं धरलंय. त्या वेळी कापकाम जवळजवळ थांबतं.

स्विफ्टचे असे बरेच तुकडे होतात. एकूण पॉलिश साठ-सत्तर मिलिलिटर, २५० ची बाटली तीन वेळा पुरते. पॅड मात्र पाच घ्या. एकाच पॅडवर सगळी गाडी करायला गेलात तर चौथ्या-पाचव्या पॅनेलला ते चिखल झालेलं असतं. दर तुकड्यानंतर नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडायचं.

आणि हे सगळं थेट गाडीभर करायचं नाही. डिकीच्या एका कोपऱ्यात एकच तुकडा करा, मऊ पॅड आणि बारीक पॉलिशपासून सुरुवात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि क्षारविरहित पाणी १ ला ५ या प्रमाणात मिसळून फवारा, पुसा, मगच टॉर्चने पाहा. पॉलिशमधलं तेल रेघा भरून ठेवतं, ते उतरवल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही. जाळी ऐंशी टक्के गेली असेल तर तेवढ्यावर थांबा आणि हीच जोडी गाडीभर वापरा. नाही गेली तरच एक पायरी कडक पॅड, त्यानंतरही नाही तर कंपाउंड.

पॅडच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचं पिवळं मऊ असतं, दुसरीचं पिवळं कापणारं. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

---

किनाऱ्यावरचा

रत्नागिरीकडून तिसऱ्या प्रश्नाबद्दल, आणि त्या पांढऱ्या डागांबद्दल, ज्याकडे वरच्या दोघांनी बघितलंच नाही.

ते डाग क्षारांचे आहेत. किटलीच्या तळाला जो थर धरतो तोच. बोअरचं पाणी उन्हात टपावर सुकतं, पाणी जातं, कॅल्शियम राहतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, बोअर ती सहज ओलांडतं. आणि हो, आरओच्या यंत्रातून जे पाणी वाया जातं ते बादलीत साठवून गाडी धुणारे बरेच आहेत. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. त्याने फरशी पुसा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी उलट जवळजवळ क्षारमुक्त असतं, फडक्यातून गाळून शेवटच्या विसळणीला उत्तम.

काढायचे कसे: पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पिण्याचं पाणी निम्मं-निम्मं. गार पॅनेलवर ओला मायक्रोफायबर मिनिटभर ठेवा, हलकं पुसा, लगेच शांपूच्या पाण्याने धुवा. दोनदा करून जे जातील ते वरवरचे. नाही गेले आणि बोटाला बारीक कडा लागली तर क्षारांनी क्लिअरकोट कोरलाय, ते पॉलिशनेच जातील, काही पूर्ण जाणार नाहीत. हे पॉलिशच्या आधी करा. क्षाराचे कण पॅडखाली गेले की वाळूचं काम करतात.

आता वरचा थर. कार्नोबा म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावरचं मेण. निसर्गात मिळणाऱ्या मेणांत सगळ्यात कडक, वितळतं ८२ ते ८६ अंशांना. डबीवर '१०० टक्के कार्नोबा' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ आतलं कार्नोबा शुद्ध आहे, डबीत दुसरं काही नाही असा नव्हे. नुसतं कार्नोबा विटेसारखं असतं, फडक्याला लागणार नाही. त्यात द्रावक, तेलं, मऊ मेणं घालूनच ते लावण्याजोगं होतं, आणि म्हणून मे महिन्याच्या उन्हात ते ८२ च्या कितीतरी आधी मऊ पडतं आणि धूळ धरून ठेवतं. उघड्यावर उभ्या गाडीवर चार ते सहा आठवडे.

पॉलिमरचं सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचा कृत्रिम थर, तीन-चार महिने काढतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात लावलं तर गणपतीपर्यंत पाणी झटकत राहतं. कार्नोबाची चमक 'उबदार' आणि सीलंटची 'काचेसारखी' असं म्हणतात. शेजारी शेजारी लावून माणसाला ओळखायला सांगा, दहातले पाच चुकतील असं माझं मत. पावसाळ्यासाठी सीलंट. हौस असेल तर दिवाळीला वर कार्नोबा चढवा. उलटं करू नका: सीलंटला कोरा रंग लागतो, मेणावर ते बसत नाही.

लावताना बहुतेकांचा हात जड पडतो. सगळ्या गाडीला १० ते १५ ग्रॅम पुरतं, म्हणजे एक मोठा चमचा. ओलसर नव्हे, कोरड्या फोमवर घ्या आणि इतकं पातळ ओढा की लावलंय की नाही हे तिरप्या उजेडातच कळावं. जाड थराने जास्त टिकत नाही. जे रंगाला चिकटलं तेच राहतं, बाकीचं पुसताना फडक्यात जातं आणि दंडाला त्रास. धुरकट झालं की एक बोट ओढून पाहा. बोटामागे स्वच्छ चमकदार रेघ उमटली तर पुसा, फरपटलं तर थांबा. कार्नोबा पाच-दहा मिनिटं, सीलंट वीस-तीस. आमच्याकडच्या दमट हवेत दुप्पट धरा. सीलंट लावल्यावर बारा तास पाणी नको, दव सुद्धा नको, रात्री छपराखाली ठेवा.

---

सकाळची_शिफ्ट

'टेफ्लॉन' ४५०० बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, ते ३२७ अंशांना वितळतं. तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात. गाडीवर फडक्याने चोळून ते रंगाला धरत नाही. त्या बाटलीत जे काम करतं ते मेण किंवा सिलिकोन, म्हणजे दोन-तीन महिन्यांचं सीलंट. तेवढ्यासाठी ४५०० द्यायचे का ते तुम्ही ठरवा.

गाडी पांढरी किंवा चंदेरी असती तर मी मशीनच्याही भानगडीत पडू नका म्हटलं असतं. ऑल-इन-वन, म्हणजे किंचित कापणारं आणि मागे मेण सोडणारं, एक हात मारून मोकळं व्हायचं. त्या रंगांवर जाळी फारशी दिसत नाही. गडद निळ्याला ती सवलत नाही.

रंगवलेल्या दाराला दोन वर्षं झाली असल्याने वॅक्सला हरकत नाही. ताज्या रंगावर मात्र महिनाभर वॅक्स-सीलंट टाळतात, आतलं द्रावक बाहेर पडायला वाव लागतो. गॅरेजचा क्लिअरकोट कंपनीच्या भट्टीत भाजलेल्यापेक्षा बहुधा मऊ असतो. त्या दारावर वेगळा चाचणीचा तुकडा घ्या.

---

गाडी_निळी

सगळ्यांचे आभार. व्हिनेगरने टपावरचे निम्म्याहून जास्त डाग गेले. डीए आणलं. डिकीवर बारीक पॉलिश आणि मऊ पॅडने जाळी अर्धीच गेली, म्हणून कंपाउंड आणि मध्यम पॅड घेतलं. आता जाळी गेली, पण:

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या तुकड्यावर दुधाळ झाक दिसते. पॉलिश वाळून पांढरी भुकटी उडत होती आणि दोन ठिकाणी डिंकासारखं चिकटून बसलं, पुसता पुसेना. आणि टेप निसटल्यामुळे नंबर प्लेटच्या वर असलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे डाग पडलेत. शिवाय, रंगवलेल्या दारावर पुसलेल्या फडक्यावर निळं उतरलं. हे ठीक आहे का?

---

पॅडघाशा

शेवटचं आधी: फडक्यावर निळं आलं तर त्या दारावर ताबडतोब थांबा. क्लिअरकोट असेल तर फडक्यावर पांढरट-राखाडी मळ येतो, रंग येत नाही. निळं येतंय म्हणजे एक तर दार क्लिअरकोटशिवाय एकाच थरात रंगवलंय, किंवा क्लिअरकोट तिथे संपलाय. मेटॅलिक रंग सहसा क्लिअरशिवाय मारत नाहीत, त्यामुळे दुसरी शक्यता धरून चाला. फिक्या किंवा मंद पडलेल्या जागेचा शोध घ्या, विशेषतः कडेला आणि मूठ बसवलेल्या खोबणीभोवती. त्या दाराला पॉलिश बंद, फक्त हाताने सीलंट.

दुधाळ झाक ही कंपाउंडनेच पाडलेली अतिबारीक रेघांची चादर आहे. बिघाड नाही, अर्धवट राहिलेलं काम आहे. त्यावर नवं मऊ पॅड, बारीक पॉलिश, ३ ते ४ नंबर, चार फेरे, आणि शेवटचे दोन फेरे हाताचा दाब पूर्ण काढून, नुसत्या मशीनच्या वजनावर. झाक निघते. कंपाउंडचं पॅड धुवून बारीक पॉलिशला वापरू नका, एक कडक कण राहिला तरी पुन्हा तेच.

भुकटी आणि डिंक ही जोडी जवळजवळ नेहमी तीन कारणांनी येते: माल जास्त, पॅनेल गरम, किंवा पॅड न झाडलेलं. घासून निघालेला क्लिअरकोट आणि पॉलिशचं तेल मिळून लगदा होतो, तो पॅडवर साठतो आणि गरम झाला की रंगावर गोळ्या धरतो. चिकटलेल्या जागी कोरडं घासू नका. त्यावरच ताज्या पॉलिशचा एक थेंब टाकून मिनिटभर ठेवा, जुनं मऊ होतं, मग पुसा. तुकडा एक फूट बाय एक फूट करा आणि थेंब दोनच घेऊन पाहा. पहाटेच्या गारव्यात निम्मा त्रास आपोआप जातो.

कंपाउंड लागलंच तर सगळ्या गाडीला लावू नका. बॉनेट, टप आणि डिकी या सपाट जागांवर जाळी दिसते, तिथे पुरे. दारांच्या खालच्या भागावर बारीक पॉलिशचा एक हात.

---

किनाऱ्यावरचा

काळ्या प्लॅस्टिकवरचे पांढरे डाग: शाळेचा पांढरा खोडरबर. खरंच. खरखरीत पोताच्या खळग्यांत पॉलिशची पूड बसलेली असते, रबर ती उचलतो. राहिलं तर मऊ टूथब्रश आणि वर सांगितलेलं अल्कोहोलचं पाणी. वर तेल किंवा टायरची चमक चोळून झाकू नका, पहिल्या पावसात ते ओघळून रंगावर काळ्या रेघा उतरतात.

पाणी मोत्यासारखं गोळा होतंय म्हणून थर शाबूत आहे, किंवा होत नाही म्हणून गेला, असं लगेच ठरवू नका. महिनाभराच्या धुळीने चांगलं सीलंटही पाणी धरून ठेवतं. शांपूने धुवा, मग बघा.

---

मायक्रॉन

एवढी मेहनत केल्यावर त्या रोजच्या ओल्या फडक्याचं काय करणार ते ठरवा, नाहीतर दिवाळीला हाच धागा परत वर येईल. जाळी त्यानेच पडलीय. एका बादलीत दहा गाड्या पुसल्या जातात, दहाव्या गाडीच्या फडक्यात नऊ गाड्यांची वाळू असते. काकांचा महिना चालू ठेवा, त्यांना फक्त काचा, आरसे आणि आतलं पायदान द्या. रंगाला आठवड्यातून एकदा पाणी, शांपू आणि हातमोजा. मध्ये पक्ष्याची विष्ठा पडली तर ओला टिश्यू त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा आणि उचला, घासू नका. उन्हात ती दिवसभर राहिली तर क्लिअरकोटवर तिचा ठसा उमटतो, मग पुन्हा मशीन. गुलमोहराच्या पाकळ्या ओल्या चिकटल्या की डाग धरतात, तेव्हा पहिल्या पावसानंतर गाडी जमलं तर चार पावलं पलीकडे लावा.

फडकी ३०० ते ४०० जीएसएमची (चौरस मीटरला ग्रॅम वजन) मायक्रोफायबर, पॉलिश पुसायची वेगळी आणि सीलंटची वेगळी. जुनी बनियन नको, तिच्या शिवणीने नव्या रेघा पडतात. फडकी कपड्यांसोबत मशीनला टाकू नका, सुती कपड्यांचे धागे त्यांत अडकतात. द्रव साबणात वेगळी धुवा, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, सावलीत वाळवा. एखादं जमिनीवर पडलं तर ते आजपासून चाकांचं.